पाठकोऱ्या कागदावरचं अक्षर

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. ही गोष्ट मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. साउथहॅम्प्टनला आले तेव्हा बी.एस्सी.चं प्रमाणपत्र सुटकेसमध्ये साड्यांच्या मधोमध ठेवून आणलं होतं, चुरगळू नये म्हणून. पहिल्या भाड्याच्या घरात खुर्च्या यायच्या आधी ते फ्रेम होऊन भिंतीवर लागलं. ह्यांनी विचारलं, "आणि बसायचं कशावर?" मी म्हटलं, "बसू सावकाश."

हे बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मला शहराबाहेरच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. ते हॉस्पिटल आता नाही, तिथे फ्लॅट झालेत. पदवी रसायनशास्त्राची, पण पहिली दोन वर्षं मी काचेच्या नळ्या धुतल्या. मग इथल्या परीक्षा दिल्या, पास झाले आणि रक्ताच्या तपासण्यांच्या बाकावर जाऊन बसले. ऐंशीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं आणि लॅबमध्ये नुकता कॉम्प्युटर आला होता.

माझ्या शेजारच्या बाकावर हाँगकाँगची एक मुलगी होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, जिभेने माझ्याइतकीच तिखट. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण इथे लिहिताना मी ते मराठीतच लिहिते, कारण मला ते तसंच आठवतं.

एकदा चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "तुझ्या घरी भिंतीवर डिग्री टांगलीय म्हणे. डेंटिस्टकडे असते तशी."

"आहे. येऊन बघ."

"आमच्याकडे तिथे आजोबांचा फोटो लावतात."

"आमच्या आजोबांचा फोटोच नाही. कुणी काढलाच नाही."

मग तिने खिशातलं पेन काढलं. "कागद दे. तुझ्या भिंतीवर काय लिहायला हवं ते दाखवते."

मी कागद दिला. कसला दिला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कागदामुळे झालं.

आमचे बाबा अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायची, फळे पुसायचे, हेडमास्तरांसाठी चहा आणायचा. त्यांना वाचता येत नव्हतं. पण परीक्षा संपली की उरलेल्या प्रश्नपत्रिका हेडमास्तरांना विचारून ते घरी आणत. एका बाजूला छापलेलं, मागची बाजू कोरी. असे पाठकोरे कागद माय सुईदोऱ्याने शिवून वही करायची. मी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतची गणितं त्या वह्यांत केली. कॉलेजातसुद्धा. विकतची वही मी फक्त प्रयोगशाळेसाठी घेतली, कारण तिथे सर तपासायचे. त्यामुळे एका बाजूने कोरा असलेला कागद फेकून देणं मला आजही जमत नाही. हात थांबतो.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या घरात देव नव्हते, देव्हारा नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीनंतर आम्ही बुद्धाचे झालो होतो. पण कागदाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचा, हे बाबांनी कधी सोडलं नाही. वस्तीतल्या एका दादांनी त्यांना टोकलं होतं, "हे जुनं आता कशाला करता?" बाबा म्हणाले, "देव नाही मानत मी. पण कागद मानतो."

तर त्या लॅबमध्ये रोज सकाळी कॉम्प्युटरमधून लांबलचक याद्या निघायच्या. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद, दोन्ही कडांना भोकांची पट्टी. पुढच्या बाजूला पेशंटचं नाव, वॉर्ड, सोडियम, पोटॅशियम. मागची बाजू पांढरीशुभ्र. तो कागद इतका चांगला होता की आमच्या शाळेचे वार्षिक दाखलेसुद्धा तसल्या कागदावर छापले गेले नसतील. दुसऱ्या दिवशी नवी यादी आली की जुनी रद्द. ती एका वेगळ्या पोत्यात टाकायची असा नियम होता. मी बाकीचा गठ्ठा पोत्यात टाकायचे, पण वरचे पाच-सहा कागद चहाच्या खोलीत आणून ठेवायचे. हिशेब, निरोप, रेसिपी, सगळं त्यांच्या पाठीवर. कुणाला काही वाटलं नाही. मला तर नाहीच.

अशा एका कागदावर तिने लिहिलं: 學.

"हे बघ. वर दोन बाजूंना दोन हात. हातांच्या मध्ये या फुल्या, त्या म्हणजे काय यावर पंडितांची भांडणं आहेत. कुणी म्हणतं मोजायच्या काड्या. खाली हे छप्पर. आणि छपराखाली मूल."

"म्हणजे काय?"

"शिकणं. आम्ही म्हणतो हॉक. पेकिंगवाले म्हणतात श्वे. आता याच्या आधी हे काढायचं." तिने शेजारी हातपाय पसरलेल्या माणसासारखं एक सोपं अक्षर काढलं. "हे मोठं. दाय. दाय हॉक, मोठं शिकणं. म्हणजे युनिव्हर्सिटी. हे लाव भिंतीवर."

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू, 'मोठं शिकणं' हे मला इंग्रजी शब्दापेक्षा आणि आमच्या विद्यापीठापेक्षाही जास्त पटलं. मी ते गिरवायला घेतलं. सोळा रेघा. माझं मूल छपराच्या बाहेर यायचं, नाहीतर हात मुलापेक्षा लहान व्हायचे. रोज चहाला एक कागद भरायचा, हा नेमच झाला. ती शेजारी बसून बिस्किट खात टिंगल करायची. "हे हात आहेत की खेकडे?"

त्या वर्षी आमच्याकडे एक जपानी संशोधक पाहुणे म्हणून आले होते. अतिशय सभ्य माणूस, दार उघडतानासुद्धा दाराची माफी मागणारा. त्यांनी माझा कागद पाहिला, मान वाकवली आणि म्हणाले, "हे आम्हीही लिहितो. पण थोडं लवकर." आणि त्यांनी बाजूला काढलं: 学. वरचे दोन हात आणि फुल्या गायब, त्याजागी तीन छोट्या रेघा, पाखरं बसल्यासारख्या.

हाँगकाँगची मैत्रीण म्हणाली, "बघितलंस? हात तोडून टाकले यांनी."

"आठ रेघा वाचल्या," ते शांतपणे म्हणाले. "घरी लवकर जाता येतं."

"आणि घरी जाऊन काय करता?"

"उरलेली अक्षरं शिकतो. आमच्याकडे एकेका अक्षराचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार असतात."

ते खरं होतं. हेच अक्षर दुसऱ्या अक्षराला जोडून आलं की गाकु. दाइगाकु म्हणजे युनिव्हर्सिटी. एकटं क्रियापद म्हणून आलं की त्याला त्यांचा अस्सल जपानी शब्द लागतो, मानाबु. या मानाबुच्या मुळाशी नक्कल करणं आहे असं त्यांच्या शिक्षकांनी त्यांना सांगितलं होतं. आधी दुसऱ्याची नक्कल, मग शिकणं. मैत्रीण म्हणाली, आमच्या कँटनीज भाषेतही कुणी वेडावून दाखवलं की आई रागावताना हॉकच म्हणते, त्याचं हॉक करू नकोस. मला हसू आलं, कारण मी तरी दुसरं काय करत होते? अर्थ दोन वेळा ऐकला होता आणि हात नुसता नक्कल करत होता.

घरी ही गोष्ट सांगितली तर ह्यांनाही चेव आला. वर्कशॉपमध्ये एका कोरियन जहाजाचं काम चाललं होतं. तिथल्या इंजिनिअरकडून हे उच्चार घेऊन आले. "हाक. आणि युनिव्हर्सिटी म्हणजे देहाक. पण तो म्हणाला, आम्ही आता आमच्या स्वतःच्या लिपीत लिहितो, हे चिनी अक्षर पेपरात आणि प्रमाणपत्रावर वगैरे." त्याने त्यांची लिपी सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिली होती. मी पाकीट उलगडून ठेवून दिलं. आतली बाजू कोरी होती.

आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "आई, हा मुलगी वरून पाऊस पडतोय का?" मी म्हटलं, "हे मूल आहे, आणि तो पाऊस नाही, ते हात आहेत." ती म्हणाली, "सो मेनी हॅंड्स फॉर वन बेबी." तिचं बरोबरच होतं.

आता काकांबद्दल. लॅबची साफसफाई करायला दुपारी चारला एक व्हिएतनामी गृहस्थ यायचे. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, डोक्यावर लोकरी टोपी. नावेतून निघून हाँगकाँगच्या छावणीत दीड वर्ष काढून ते इकडे आले होते. इंग्रजी जेमतेम. मी मनात त्यांना काका म्हणत असे. इथेही काकाच म्हणते.

एके दिवशी माझा गिरवलेला कागद टेबलावरून खाली पडला आणि माझा बूट त्यावर पडला. मी उचलला, झटकला, कपाळाला लावला. सवयीने. वर पाहिलं तर काका मॉप धरून तसेच उभे. त्यांनी कागदाकडे बोट केलं, मग माझ्या कपाळाकडे.

"यू डू?" ते म्हणाले.

"माय फादर," मी म्हटलं.

त्यांनी मॉप भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. अक्षर पाहिलं. म्हणाले, "हॉक." मैत्रिणीसारखंच, पण आवाज जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा खाली पडून तिथेच तुटायचा. मग शेजारची जोडी पाहून, "दाय हॉक."

मैत्रीण आतून ओरडली, "कोण माझ्या भाषेत बोलतंय?"

कुणी तिच्या भाषेत बोलत नव्हतं. हळूहळू कळलं ते असं की काकांचे आजोबा गावात जुनी चिनी अक्षरं शिकवणारे पंतोजी होते. आता व्हिएतनाममध्ये सगळे इंग्रजीसारख्या अक्षरांत लिहितात, वरखाली टिंबं आणि काने देऊन. पण आजोबांनी नातवाला दहाव्या वर्षापर्यंत जुनी अक्षरं शिकवली होती. मैत्रीण कँटनीज बोलायला लागली की काकांना एक अक्षर कळत नसे. पण तिने कागदावर लिहिलं की ते हसून मान हलवत आणि उत्तर लिहीत. एकाच टेबलावर दोघं न बोलता गप्पा मारत बसलेली मी पाहिली आहेत. मी मराठी लिहिली तर शेजारच्या गुजराती बाईंना निदान अक्षरं ओळखता येतात. हे मात्र काहीतरी वेगळंच होतं, आवाज कापून टाकला तरी अर्थ शाबूत.

त्यांच्याच लिहिण्यातून कळलं की बायको अजून व्हिएतनाममध्येच, हायफाँगला आहे. तिला इकडे आणण्याचा अर्ज केला होता. त्यासाठी राहायला जागा आणि कायमची नोकरी दाखवावी लागत होती. जागा कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिली होती. नोकरी म्हणजे ही साफसफाईची. मैत्रिणीने वाचून मला सांगितलं, "ते म्हणतात, सात वर्षं झाली."

मार्चमधला सोमवार होता. मी कामावर आले तर चहाच्या खोलीत सगळे कुजबुजत होते. सफाईच्या सुपरवायझरने शुक्रवारी लॉकर तपासले होते आणि काकांच्या लॉकरमध्ये दुकानाची एक प्लॅस्टिकची कॅरिअर बॅग सापडली होती. तिच्यात लॅबच्या याद्या. पेशंटची नावं, वॉर्ड, सगळं. कॉम्प्युटरवरच्या माहितीचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता आणि वरचे लोक त्याने धास्तावले होते. काकांना घरी पाठवलं होतं. गुरुवारी चौकशी. पेशंटची कागदपत्रं बाहेर नेणारा माणूस, अशी नोंद झाली तर नोकरी गेली. नोकरी गेली की बायकोचा अर्ज गेला.

"पण त्यांना त्या याद्या करायच्या काय आहेत?" कुणीतरी म्हणालं.

"कोण जाणे. मागे काहीतरी चिनी लिहिलंय म्हणे. सांकेतिक."

सांकेतिक नव्हतं ते. माझे खेकडे होते.

मला तिथेच सगळं उलगडलं. मी पाठकोरा कागद टाकू शकत नव्हते, म्हणून यादी पोत्यात न टाकता चहाच्या खोलीत आणली. अक्षरं गिरवून दोन्ही बाजू भरल्या की मी तो कागद साध्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला, कारण माझ्या लेखी आता तो संपला होता. आणि काका अक्षर लिहिलेला कागद खरकट्या टी-बॅग्जमध्ये पाहू शकत नव्हते, म्हणून त्यांनी तो काढून घेतला. दोघांनाही आपण चांगलंच करतोय असं वाटत होतं.

संध्याकाळी जेवताना ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ पोळी मोडत राहिले.

"तू बोलली नाहीस तर कळेल कुणाला?"

"अक्षर चिनी आहे. हाँगकाँगचीवर जाईल."

"आणि बोललीस तर?"

"तर माझ्यावर येईल."

खरं सांगायचं तर मी दोन दिवस बोलले नाही. नळ्या धुण्यापासून त्या बाकावर यायला मला किती दिवस लागले होते ते मलाच ठाऊक. माझ्या फाइलमध्ये तोवर एकही डाग नव्हता आणि त्या फाइलचा मला भिंतीवरच्या फ्रेमइतकाच अभिमान होता. लॅबमध्ये मी मान खाली घालून काम केलं. चहाला गेले नाही. बुधवारी मैत्रीण बाकाशी येऊन उभी राहिली.

"मला उद्या बोलावलंय," ती म्हणाली. "विचारणार आहेत, हे काय लिहिलंय. मी काय सांगू? शिकणं, शिकणं, शिकणं, शंभर वेळा?"

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मी येते."

लॅबची मॅनेजर ग्लासगोची होती. उंच, करड्या केसांची बाई, बोलणं इतकं भराभर की पहिली काही वर्षं मला तिचं निम्मं कळत नसे. गुरुवारी तिच्या खोलीत ती, सफाईचा सुपरवायझर, काका, मैत्रीण आणि मी, न बोलावलेली. टेबलावर ती कॅरिअर बॅग. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसत होते.

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. "हे माझं लिहिणं आहे. याद्या मी आणल्या. पोत्यात टाकायला हव्या होत्या, मी बिनमध्ये टाकल्या. चूक माझी आहे."

मॅनेजरने चष्मा काढला. "तू? तुला चिनी येतं?"

"एकच अक्षर येतं."

"आणि त्यासाठी तुला पेशंटच्या याद्याच मिळाल्या? स्टेशनरीच्या कपाटात रिमच्या रिम पडल्या आहेत."

"ते कागद दोन्ही बाजूंनी कोरे आहेत," मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही. मग मी सांगितलं. शाळेतले शिपाई, प्रश्नपत्रिका, मायने शिवलेल्या वह्या. रडले वगैरे नाही. सरळ सांगितलं, जसं इथे सांगते आहे. मॅनेजर ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माझी आजी सुतळीचे तुकडे जमवायची. डबा होता तिचा. पण आजीने कधी सुतळीला पेशंट बांधून घरी नेला नाही." सुपरवायझर हसला, मग तिच्याकडे बघून थांबला.

"हे झालं तुझं," ती म्हणाली. "पण यांनी ते बिनमधून काढून लॉकरमध्ये का ठेवले?"

काकांना प्रश्न कळला होता. उत्तर देण्याइतकं इंग्रजी नव्हतं. त्यांनी माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं आणि लिहिण्याची खूण केली. मॅनेजरने पॅड सरकवलं. काकांनी तीन अक्षरं काढली, एकाखाली एक, सावकाश, आणि पॅड दोन्ही हातांनी मैत्रिणीपुढे ठेवलं.

तिने वाचलं. "अक्षर. कागद. आग."

"आग?" सुपरवायझर सरसावून बसला.

"थांबा ना." तिने खाली एक ओळ लिहिली. काकांनी उत्तर लिहिलं. पुन्हा तिने, पुन्हा त्यांनी. खोलीत फक्त पेनाचा आवाज. आम्ही तिघं वेगळ्याच देशात बसल्यासारखे बघत होतो. मग ती म्हणाली, "यांच्या आजोबांचा नियम होता. लिहिलेला कागद कचऱ्यात, चिखलात जाऊ द्यायचा नाही. जमवून ठेवायचा आणि एखाद्या चांगल्या दिवशी स्वच्छ जागी जाळायचा. माझ्या आजीच्या गावातही असं होतं, देवळाजवळ त्यासाठी भट्टी असायची. मला आठवतच नव्हतं. हे म्हणतात, घराच्या मागच्या बागेत जाळणार होते, पण सारखा पाऊस पडतोय. म्हणून लॉकरमध्ये राहिले."

"पुढच्या बाजूला काय छापलंय ते त्यांनी वाचलं?"

मैत्रिणीने विचारायच्या आधीच काकांनी मान हलवली. "नो. नो रीड. ओन्ली धिस." आणि उलट्या कागदावरच्या माझ्या हॉकवर बोट ठेवलं. "शी लर्न."

मॅनेजरने ते कागद एकावर एक नीट रचले. मग सुपरवायझरला म्हणाली, "पोत्यातल्या याद्यांचं शेवटी काय होतं?"

"बॉयलरहाउसमागच्या भट्टीत जाळतात."

"कोण नेतं पोती?"

"कुणी एक असा नाही. ज्याला वेळ असेल तो. कधी कधी दोन-दोन दिवस दाराशी पडून असतात."

"दाराशी," ती म्हणाली. "उघडी?" सुपरवायझरने मान डोलावली. तिने चष्मा पुन्हा घातला. "म्हणजे या इमारतीत असा एकच माणूस आहे जो लिहिलेला कागद इकडे-तिकडे पडू देत नाही आणि जळेपर्यंत त्याच्या मागे राहतो. आणि तुम्ही त्यालाच काढायला निघाला आहात."

त्या दिवसापासून याद्यांची पोती भट्टीपर्यंत नेण्याचं काम काकांकडे आलं. रोज, सही करून. नोकरी राहिली. चौकशीच्या कागदावर 'गैरसमज' असं लिहिलं गेलं. माझ्या फाइलमध्ये मात्र लेखी ताकीद गेली. मॅनेजर म्हणाली, "ती मला द्यावीच लागेल." मी म्हटलं, "द्या." माझ्या फाइलमधला तो एकमेव डाग. आता विचारलं तर मी तोही अभिमानाने दाखवेन.

त्याच दुपारी आम्ही तिघं कॅरिअर बॅग घेऊन भट्टीवर गेलो. वाटेत काकांनी बॅगेतला वरचा कागद काढला आणि मैत्रिणीला काहीतरी लिहून दाखवलं. ती हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तू मूल आधी काढतेस आणि मग त्याच्यावर छप्पर घालतेस. कागद बघितल्यावरच कळतं. हात आधी, मग छप्पर, मूल शेवटी."

"हे तू मला सांगायचं होतंस. इतके दिवस शेजारी बसून बिस्किटं खात होतीस."

"मी हात बघून हसत होते. माझं तिकडे लक्षच नाही गेलं."

काकांनी एकेक कागद भट्टीत सोडला. घाई नाही. मी सुरुवातीला गिरवलेली वेडीवाकडी अक्षरंही त्यांनी तितक्याच अदबीने सोडली. शेवटून दुसऱ्या कागदाची मागची बाजू अर्धीच भरलेली होती, कुणीतरी तो टेबलावरून तसाच बिनमध्ये टाकला असणार. खालचा अर्धा भाग स्वच्छ, कोरा. माझा हात आपोआप पुढे झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणीनेही पाहिलं. मी हात ओव्हरकोटच्या खिशात घातला.

काकांच्या बायकोला यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. नव्वदचं दशक उजाडलं होतं. जपानी पाहुणे केव्हाच परतले होते, दरवर्षी नववर्षाचं कार्ड पाठवायचे. मैत्रीण लग्न करून ब्रिस्टलला गेली होती. मी सीनियर झाले होते आणि स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कपाटातले कागद कुणी सढळ हाताने वापरले की माझा जीव कासावीस व्हायचा, पण मी बोलत नसे. काकांची पोती मात्र त्या सगळ्या काळात एक दिवससुद्धा दाराशी राहिली नाहीत.

एका रविवारी काकांनी आम्हाला जेवायला बोलावलं. काकू बुटक्या, हसऱ्या, डोळ्याला डोळा भिडवून बघणाऱ्या. मी येताना खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या, त्यांनी ताटलीतल्या वड्या मोजून सगळ्यांना सारख्या वाटल्या. जेवण झाल्यावर काकांनी टेबल पुसलं आणि एक वही काढली. लहानपणी काकूंना शाळेत पाठवलं नव्हतं. शेजारच्या कॉलेजात संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग होता, पण त्याआधी काका त्यांना घरीच स्वतःच्या भाषेतली अक्षरं शिकवत होते. ती नवी, इंग्रजीसारखी. जुनी चिनी नाहीत.

"जुनी का नाही?" मी विचारलं. आता त्यांचं इंग्रजी पुष्कळ सुधारलं होतं.

"आमचा मुलगा तिकडून पत्र लिहितो ते नव्या अक्षरात," काका म्हणाले. "तिला आधी पत्र वाचता आलं पाहिजे. आजोबांचं नंतर."

मला माय आठवली. म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात बसून ती पाटीवर अक्षरं काढायला शिकली ती माझी पत्रं वाचता यावीत म्हणूनच.

काकूंनी आम्हाला लिहून दाखवलं. एच, ओ, सी. ओच्या डोक्यावर छोटी टोपी असणार असं मला उगाच वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. टिंब होतं, तेही ओच्या खाली. त्या टिंबापाशी आवाज पडतो, काका म्हणाले. हॉक. दोन हात नाहीत, छप्पर नाही, मूल नाही, तरी शब्द तोच. आमची मुलगी तेव्हा जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वयाची होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आई, हे सोपा आहे." मी म्हटलं, "सोपं आहे." ती म्हणाली, "तेच म्हणते मी."

वही नवीकोरी होती, दुकानातून आणलेली, जाड पांढऱ्या कागदाची. काकूंनी तो शब्द ओळीखाली ओळ लिहिला, अगदी बारीक, समासाची जागाही न सोडता. पान भरलं. काकांनी पुढचं पान समोर आणलं, तर काकूंनी त्यांचा हात बाजूला केला, भरलेलं पान उलटून त्याच्या पाठीवर बोट फिरवून पाहिलं आणि तिथेच पुढची ओळ लिहायला घेतली.

मी चहाचा कप उचलला आणि खुर्चीत आरामात टेकून बसले.